रोजची धावपळ कमी करायची, तर सुरुवात कुठून करावी

रोजचा ताण बहुतेक वेळा मोठ्या संकटातून येत नाही. ऐन निघायच्या वेळी किल्ली सापडत नाही, बिलाची तारीख कालच उलटलेली असते, कुणाला तरी ‘कळवतो’ म्हणून सांगितलेलं राहून जातं, आणि आधी कुठलं काम हातात घ्यायचं हे रोज नव्याने ठरवावं लागतं. यातली एकेक गोष्ट दोन मिनिटांची असते. पण ती मार्गी लागलेली नसते, म्हणून दिवसभर टोचत राहते.

खाली दिलेल्या सगळ्या सवयींमागे एकच सूत्र आहे. जी गोष्ट पुन्हापुन्हा अडवते, तिचा निर्णय एकदाच घ्यायचा आणि तो एखाद्या जागेत, ठरलेल्या वेळेत किंवा साध्या नियमात बसवून टाकायचा. पहाटे चारला उठणं, थंड पाण्याची आंघोळ, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक असल्या गोष्टी इथे नाहीत. ज्यांना जमतात त्यांनी खुशाल कराव्यात. नवख्या माणसाच्या डोक्यावर मात्र ते आणखी एक ओझंच होतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. कर्ज, आजारपण, घरातला छळ, नोकरी जाण्याची टांगती तलवार हे याद्या करून सुटत नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर सवयींच्या नादी न लागता डॉक्टरांना भेटावं.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

बहुतेक लोक इथेच घाई करतात. सोमवारी पाच नव्या सवयी एकदम सुरू होतात आणि गुरुवारपर्यंत पाचही गळतात. त्याऐवजी पहिले सात दिवस खिशात मावेल अशी एक वही ठेवा आणि जिथे जिथे चिडचिड झाली, तिथे एक ओळ लिहा. ओळीत तीनच गोष्टी: वेळ, काय अडलं आणि त्यात किती मिनिटं गेली. नोंदी साधारण अशा दिसतील:

‘सकाळी ८:४०. चार्जर शोधला. ७ मिनिटं.’
‘दुपारी १२:१५. जुनी पावती मेलमध्ये सापडेना. २० मिनिटं.’
‘रात्री १०:५०. उद्याचं काही तरी राहिलंय असं वाटत राहिलं. अर्धा तास.’

‘ऑफिसचा ताण’ किंवा ‘मुलांमुळे वैताग’ असं लिहू नका. एवढ्या मोठ्या नोंदीवर काहीच करता येत नाही. नेमकं काय घडलं ते लिहा. ‘सहाला निघायचं होतं, पावणेसहाला नवीन काम आलं’ ही उपयोगी नोंद झाली.

आठवडा संपला की वही उघडा आणि दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा आलेल्या ओळींवर खूण करा. बहुतेक खुणा चारपैकी एका कारणाच्या निघतात: वस्तूला ठरलेली जागा नाही, कामाला ठरलेली वेळ नाही, निर्णय लोंबकळत पडला आहे, किंवा दुसऱ्याचं काम आपल्या गळ्यात आलं आहे. सगळ्यात जास्त वेळा आलेली एकच खूण निवडा आणि या लेखातला तिच्याशी जुळणारा भाग आधी करा. बाकीचं नंतर. हो, सगळंच एकदम करावंसं वाटेल, तरीही.

सवय बसते कशी आणि मोडते कुठे

२१ दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र एखादी कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्याच अभ्यासातली कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. म्हणजे तीन आठवड्यांनी जोर लावावा लागत असेल तर तुमच्यात काही खोट नाही. मुदतच चुकीची सांगितली गेली होती.

नवी सवय नेहमी आधीपासून चालत आलेल्या कृतीच्या शेपटाला बांधा. ‘सकाळी करीन’ हा खुंटा कच्चा आहे, कारण सकाळ तीन तासांची असते. ‘दात घासून ब्रश जागेवर ठेवला की’ हा पक्का, कारण तो क्षण डोळ्यांना दिसतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करेन’ धाटणीच्या संकल्पांवर पुष्कळ काम केलं आहे. नुसता इरादा बाळगण्यापेक्षा असा बांधलेला संकल्प जास्त वेळा पार पडतो. म्हणून वाक्य लिहूनच काढा: ‘रात्रीची भांडी आवरून हात पुसले की वही उघडीन.’

सवयीचा आकार सुरुवातीला हास्यास्पद वाटेल इतका लहान ठेवा. पंधरा मिनिटं आवरायचं ठरवलं असेल, तर पहिले दहा दिवस फक्त दोन मिनिटं. थकून आलेल्या वाईट दिवशीही जे होईल, तेच टिकतं. आणि सलग दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत, एवढा एकच कडक नियम पाळा.

झोपण्याआधीची पंधरा मिनिटं

एकच सवय करायची असेल तर ही करा. सकाळी डोकं जड असतं, घाई असते, आणि त्याच वेळी सगळ्यात जास्त निर्णय घ्यावे लागतात. ते रात्री उरकले की सकाळ मोकळी होते. क्रम असा ठेवा:

१. उद्या घराबाहेर जे जे न्यायचं आहे ते एका जागी आणा. बॅग, कागद, परत द्यायची वस्तू, औषधं. विसरण्याची सवय असलेली वस्तू थेट चपलेत किंवा बुटात ठेवा. ती उचलल्याशिवाय पाऊल बाहेर पडत नाही.

२. कपडे काढून ठेवा, मोज्यांपासून रुमालापर्यंत सगळे. बटण तुटलेलं आहे, डाग पडलेला आहे, हे सकाळी कळण्यापेक्षा रात्री कळलेलं बरं.

३. फोन आणि इतर उपकरणं चार्जिंगला लावा, झोपायच्या खोलीबाहेर.

४. स्वयंपाकघराचा ओटा आणि जेवायचं टेबल एवढेच दोन पृष्ठभाग रिकामे करा. सगळं घर नाही.

५. शेवटची पाच मिनिटं वही. डोक्यात उद्याचं जे जे असेल ते कागदावर उतरवा.

हे पाचवं पाऊल सगळ्यात जास्त गाळलं जातं, आणि फायदा सगळ्यात जास्त त्याचाच. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांच्या गटाने ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी तपशिलात, तितकी झोप लवकर. हा प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. अपुरी कामं मनात जास्त रेंगाळतात हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७मध्येच मांडलं होतं. काम कागदावर उतरलं की ते संपत नाही खरं, पण विसरण्याची भीती संपते.

इथे चूक होते ती अशी: रात्री वही उघडून लोक उद्याचं नियोजन करायला बसतात, मग काळजी करायला लागतात. पाच मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की वही बंद. सोडवायचं काम सकाळचं.

यादी, पण एकच

कामं चार ठिकाणी लिहिलेली असली की कुठल्याच यादीवर भरवसा राहत नाही, आणि भरवसा नसलेली यादी डोकं रिकामं करत नाही. फोनमध्ये थोडं, चिठ्ठीवर थोडं, मेलमध्ये तारा मारून ठेवलेलं थोडं, बाकी आठवणीत. हे सगळं एका वहीत किंवा एका अ‍ॅपमध्ये आणा. कुठलं अ‍ॅप चांगलं यावर वेळ घालवू नका. फोनमधलं साधं नोट्सचं पान पुरतं. नव्या लोकांना आम्ही कागदच सुचवतो, कारण कागद उघडताना वाटेत दुसरं काही दिसत नाही.

मोठी यादी मागच्या पानावर. रोज तिच्यातून तीन कामं पुढच्या पानावर घ्या. तीनच. दिवसभरात आणखी वीस गोष्टी होतील, त्या होऊ द्या. पण हे तीन झाले की दिवस झाला असं समजा.

काम लिहिताना क्रियापद आणि पहिलं पाऊल लिहा. ‘दात’ असं लिहिलेलं काम महिनाभर तसंच पडून राहतं. ‘दवाखान्यात फोन करून गुरुवार संध्याकाळची वेळ घेणे, नंबर फाइलच्या पहिल्या पानावर’ हे आजच होतं. एखादं काम तीन दिवस पुढे ढकललं गेलं की थांबून बघा. मोठं आहे? तोडा. कधी करायचं ठरलेलं नाही? वार आणि वेळ लिहा. करायचंच नाही? मग खोडा आणि ज्याला शब्द दिला होता त्याला तसं सांगून मोकळे व्हा. खोडलेलं कामही मार्गी लागलेलंच असतं.

फोनला शिस्त

फोन कमी वापरायचा असं नुसतं ठरवून काही होत नाही. फोनने कधी हाक मारायची हे ठरवलं, तर होतं. ही मांडणी एकदा करायला साधारण चाळीस मिनिटं लागतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी बसा.

सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनचं पान उघडा आणि अ‍ॅपची यादी वरून खाली बघत चला. प्रत्येक अ‍ॅपसाठी एकच प्रश्न: याचा संदेश तासभर उशिरा दिसला तर कुणाचं नुकसान होईल का? होणार असेल तर चालू ठेवा. फोन कॉल, घरच्यांचे थेट संदेश, बँकेचे व्यवहार, औषधाची आठवण, कॅलेंडर एवढंच साधारणपणे उरतं. खरेदी, बातम्या, खेळ, समाजमाध्यमं, सवलतींचे संदेश, सगळे बंद. अ‍ॅपच्या चिन्हावरचा लाल आकडाही बंद करा. आवाज बंद असला तरी तो आकडा हात खेचतो.

ग्रुप म्यूट करा, सोडायची गरज नाही. म्यूट केल्याचं इतरांना कळत नाही.

मग ‘डू नॉट डिस्टर्ब’ (ठरलेल्या वेळात फोन वाजू न देणारी सोय) रात्री साडेनऊ ते सकाळी सात असं आपोआप लागेल असं करा. इथे नेमकी एक अडचण येते. सगळं बंद केलं की घरी कुणाला काही झालं तर, या धास्तीने माणूस उलट जास्त वेळा फोन बघतो. यावरचा उपाय फोनमध्येच आहे. घरच्या चार-पाच नंबरांना अपवाद म्हणून परवानगी द्या आणि पुन्हा आलेल्या कॉलची सोय चालू ठेवा. आयफोनवर त्याच नंबरचा तीन मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. अँड्रॉइडवर ही मुदत पंधरा मिनिटांची असते. घरच्यांना सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. एवढी खात्री असली की बाकीचं बंद ठेवणं सोपं जातं.

मेल आणि कामाचे संदेश ठरावीक वेळी बघा. कोस्तादिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२४ जणांनी एक आठवडा मेल दिवसातून तीनदाच पाहिली आणि एक आठवडा हवी तितक्या वेळा. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात ताण कमी होता. सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी पाच अशा वेळा बहुतेकांना जमतात. ज्यांच्या कामात लगेच उत्तर द्यावं लागतं, त्यांनी दर तासाला दहा मिनिटं ठेवली तरी फरक पडतो. वरिष्ठांशी आधी बोलून घ्या. न सांगता केलेली शिस्त बेजबाबदारपणा वाटते.

फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवायचा, तर गजराचं काय? साधं गजराचं घड्याळ आणा. ‘फोन गजरासाठी लागतो’ हे कारण ज्या दिवशी संपतं, त्या दिवशी बाकीची कारणं किती पोकळ होती ते कळतं.

वस्तूंना जागा

वस्तू हरवतात त्या विसराळूपणामुळे कमी आणि जागा चुकीच्या ठिकाणी असल्यामुळे जास्त. कात्री स्वयंपाकघरात लागते आणि ठेवायची जागा आतल्या कपाटात, तर ती कायम ओट्यावरच लोळणार. नियम असा: वस्तूची जागा तिथे, जिथे ती वापरली जाते, आणि ठेवायला एकच हालचाल पुरली पाहिजे. झाकण उघडा, वरचा डबा काढा, आत ठेवा, अशा तीन हालचाली लागल्या की घरातलं कुणीही ती वस्तू परत ठेवणार नाही. किल्लीसाठी दारापासून दोन पावलांच्या आत खिळा किंवा उघडी वाटी. त्या वाटीत किल्ली, पाकीट आणि ओळखपत्र एवढंच. नाणी, रबर, जुन्या पावत्या तिथे जमायला लागल्या की पंधरा दिवसांत किल्ली पुन्हा हरवते.

आवरताना खोली घेऊ नका, खण घ्या. वीस मिनिटांचा गजर लावा. खणातलं सगळं बाहेर काढा, खण पुसा आणि जे परत आत जायला हवं तेवढंच ठेवा. बाकीचे तीन ढीग: टाकायचं, द्यायचं, दुसऱ्या जागेचं. निर्णय होत नसलेल्या वस्तूंसाठी एक खोका ठेवा, त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि बंद करा. त्या तारखेपर्यंत जे काढावं लागलं नाही ते घराबाहेर. खोका पुन्हा उघडून बघू नका. बघितलं की सगळंच हवंसं वाटतं.

तीन गोष्टी इथे बिघडवतात. पहिली, आवरण्याआधीच सुंदर डबे विकत आणणं. मग पसारा डब्यात जातो, एवढंच. दुसरी, ‘द्यायचं’ म्हणून काढलेली पिशवी महिनोन्‌महिने दाराशी राहणं. ती कुठे आणि कोणत्या दिवशी जाणार हे त्याच संध्याकाळी ठरवा. तिसरी, घरातल्या दुसऱ्याच्या वस्तू न विचारता आवरणं. याने पसारा कमी होत नाही, भांडण वाढतं.

वेळेत थोडी फट ठेवा

माणूस आपल्याच कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज कमी करतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल हे विचारलं. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, लागले ५५च्या वर. सगळं उलटंपालटं झालं तर किती लागतील, याचं त्यांचंच उत्तर ४९च्या आसपास होतं. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला.

म्हणून अंदाज सुधारायच्या भानगडीत न पडता गुणाकार करा. नेहमीच्या कामाला दीडपट, आधी कधी न केलेल्या कामाला दुप्पट. प्रवासाची वेळ नकाशातली धरू नका. घराचं दार ओढल्यापासून तिथल्या खुर्चीत बसेपर्यंतची वेळ तीनदा मोजा आणि त्यातली सगळ्यात जास्त धरा. लिफ्टची वाट, वाहन लावायला जागा शोधणं, प्रवेशद्वारावरची नोंद हे सगळं नकाशात नसतं.

दोन भेटींच्या मध्ये दहा मिनिटं रिकामी ठेवा. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९मध्ये दाखवलं की लक्षाचा काही भाग अर्धवट सोडलेल्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं. उठण्याआधी एक ओळ लिहा: ‘इथे थांबलो, पुढचं पाऊल हे.’ तीस सेकंद लागतात आणि परत आल्यावर ‘कुठे होतो आपण’ या प्रश्नात जाणारी पंधरा मिनिटं वाचतात.

नकार देण्याची भाषा आधी ठरवा

गळ्यात पडलेली कामं बहुधा घाईत दिलेल्या ‘हो’मधून आलेली असतात. समोरचा माणूस उभा असताना नकार सुचत नाही, म्हणून वाक्य आधी तयार ठेवा. पहिलं वाक्य वेळ मागणारं: ‘वेळापत्रक बघून उद्या दुपारपर्यंत सांगतो.’ आणि उद्या दुपारी खरंच सांगा, नाहीतर हे नवं लोंबकळणारं काम झालं.

नकार देताना कारणांची रांग लावू नका. तीन कारणं दिली की समोरचा तिन्ही सोडवून देतो. ‘या महिन्यात मला जमणार नाही. पुढच्या महिन्यात असेल तर जरूर विचारा’ एवढं पुरे. पुढच्या महिन्यातही करायचं नसेल तर दुसरं वाक्य गाळा. खोटी आशा हा उशिरा दिलेला नकारच असतो, आणि तो जास्त लागतो. वरिष्ठांना नकार देता येत नाही, तेव्हा क्रम विचारा: ‘हे घेतो, पण आज आधीची दोन कामं आहेत. यातलं कुठलं मागे ठेवू?’

पैसे आणि कागद: महिन्यातून एक तास

इथे फार तत्त्वज्ञान नको. एका पानावर सगळ्या ठरलेल्या देण्यांची नावं, रक्कम, तारीख आणि कुठल्या खात्यातून जातात ते लिहा. वर्षातून एकदाच येणारी देणीही त्यात हवीत. खरा दणका त्यांचाच असतो. वर्षाची रक्कम बाराने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला वेगळे काढा. रक्कम ठरलेली असलेली बिलं आपोआप जातील अशी सोय करा, तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा. रक्कम बदलती असेल तर कमाल मर्यादा घाला. महिन्याच्या ठरलेल्या तासात हे पान, बँकेचा उतारा आणि चालू असलेली सदस्यत्वं शेजारी ठेवून बघा. मागच्या दोन महिन्यांत न वापरलेलं सदस्यत्व त्याच बैठकीत बंद करा.

ओळखीचे, घराचे, विम्याचे आणि आरोग्याचे कागद एका फाइलमध्ये, चार कप्प्यांत. घरातल्या आणखी एका माणसाला ती फाइल कुठे आहे हे माहीत असायला हवं.

झोप, चालणं, श्वास

झोपायची वेळ ठरवून झोप येत नाही. उठायची वेळ मात्र ठरवता येते, म्हणून ती पक्की करा. सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त पुढे-मागे नको. प्रौढांना किमान सात तास लागतात, तेवढे मागे मोजून दिवा कधी मालवायचा ते ठरवा. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. रात्री अकराला झोपणाऱ्याने शेवटचा कप दुपारी दोन-तीनपर्यंत संपवावा.

वीसेक मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणात कूस बदलत पडू नका. उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काही तरी कंटाळवाणं करा आणि डोळे मिटायला लागले की परत या. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये मांडलेली ही पद्धत निद्रानाशावरच्या उपचारांत आजही वापरतात. अंथरूण म्हणजे झोप, एवढंच शरीराने शिकायचं असतं. यात लोक एक चूक हमखास करतात: उठून घड्याळ बघतात आणि उरलेल्या तासांचा हिशोब मांडतात. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. वीस मिनिटंही अंदाजानेच धरा.

व्यायामासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची आहे. सुरुवात जेवणानंतरच्या दहा मिनिटांच्या चालण्याने करा. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग असला की तो मध्यम.

ताण अंगावर आलेला असतानाचा उपाय म्हणजे सावकाश श्वास. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं. छाती फुगवून खोल श्वास ओढू नका, त्याने चक्कर येते. श्वास सावकाश हवा, मोठा नको. चक्कर आलीच तर नेहमीसारखा श्वास घ्या. ही गोष्ट शांत असताना आठवडाभर करून ठेवा. ऐन वेळी पहिल्यांदाच करायला गेलं तर आकडेच चुकतात.

घरातल्यांना सोबत घेताना

एकाने सगळं लक्षात ठेवायचं आणि बाकीच्यांनी ‘सांग, मी करतो’ म्हणायचं, ही व्यवस्था वरवर मदतीची वाटते. पण लक्षात ठेवणं हेच अर्धं काम असतं. म्हणून वाटणी अख्ख्या कामाची करा. कपड्यांचं काम ज्याचं, त्याने साबण संपत आलाय हे बघण्यापासून घड्या कपाटात जाईपर्यंत सगळं. मधूनमधून तपासत राहिलात, तर काम तुमच्याकडेच राहिलं असं समजा. पहिले काही आठवडे ते तुमच्यासारखं होणार नाही. घड्या वाकड्या असतील. असू द्या.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं एकत्र बसा. पुढच्या सात दिवसांत कोण कधी बाहेर, कुठली तारीख चुकता कामा नये, कोणाला काय हवं आहे. मागच्या आठवड्याच्या तक्रारी या बैठकीत आणू नका. एकदा आल्या की पुढच्या वेळी कुणी बसत नाही.

किती घ्यायचं, कधी थांबायचं

पहिला आठवडा नोंदीचा. त्यानंतर दर तीन आठवड्यांना एकच नवी सवय, आणि आधीची निम्म्याहून जास्त दिवस न आठवता होत असेल तरच. अशाने तीन-चार महिन्यांत चार सवयी होतात. पुष्कळ झाल्या.

प्रवास, आजारपण, घरातलं कार्य आलं की घडी मोडणारच. परत सुरू करताना राहिलेलं भरून काढू नका. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटांची वही, दुसऱ्या दिवसापासून ओटा आणि टेबल, आठवड्याने बाकीचं.

तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवसांची नोंद करा, अगदी पहिल्यासारखी, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. जी खूण गेली, तिची सवय टिकवा. जी तशीच आहे, तिथे बहुतेक जागा किंवा वेळ चुकलेली असते. खिळा दोन फूट सरकवून किंवा वेळ अर्धा तास बदलून बघा. आणि एखाद्या सवयीमुळेच नवी चिडचिड वहीत दिसत असेल, रकाने भरण्याची, वेळापत्रक चुकल्याची, तर ती सवय सोडून द्या.